ऐकून घेणारी लोकशाही

(ग्रंथालयाच्या शताब्दी व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाची संहिता)



शताब्दीच्या या मंगल प्रसंगी ‘आजचे राजकारण आणि लोकशाहीपुढील पेच’ या विषयावर मी बोलावे, अशी कार्यवाहांनी आज्ञा केली, तेव्हा प्रथम मी संकोचलो. मी राज्यशास्त्राचा अभ्यासक नव्हे. तीस वर्षे मराठी शिकवीत आलेला एक सामान्य अध्यापक आहे. दिल्लीत काय चुकले आणि अमेरिकेत काय बिघडले, याचा निवाडा करण्याचा माझा अधिकार नाही. परंतु भाषा हा माझा विषय आहे, आणि समाजाचा आजार पुष्कळदा त्याच्या बोलण्यात व ऐकण्यात प्रथम प्रकट होतो, असे माझे मत आहे. म्हणून या मोठ्या विषयाकडे मी आपल्याच शहराच्या, किंबहुना आपल्याच दाराच्या बाजूने जाणार आहे.

आज सभास्थानी येताना मी मुद्दाम बेगम बाजारातून पायी आलो. निजाम अलीखान, म्हणजे दुसरा असफजाह, याच्या हुमदा बेगमेने ही जागा व्यापाऱ्यांना दिली आणि त्यावरून या पेठेला हे नाव पडले, असे सांगतात. आपणापैकी बहुतेकांचा सणासुदीचा बाजारहाट येथलाच. भांड्यांची दुकाने, सुका मेवा, मसाले, प्लास्टिकच्या वस्तूंचे ढीग, आणि या सर्वांतून वाट काढणारे हमाल व त्यांच्या हातगाड्या. एका दुकानासमोर मी क्षणभर थांबलो. दुकानदार मुनिमाशी मारवाडीत बोलत होता. नलगोंड्याकडच्या किरकोळ विक्रेत्याशी तो तेलुगूत घासाघीस करीत होता, हमालाला दखनीत हाका मारीत होता, आणि मजकडे वळून म्हणाला, “या सर, काय पाहिजे?” पाच मिनिटांत चार भाषा झाल्या, आणि कोणाची भाषा ऐकून कोणी हसले नाही. गिऱ्हाइकाची भाषा बोलणे ही त्याची नीती नसेल, गरज असेल. पण बाजाराला जे गरजेने साधते, ते सभेला, विद्यालयाला आणि राजकारणाला पुष्कळदा का साधत नाही, हा प्रश्न घेऊन मी येथवर आलो.

त्याचे उत्तर शोधताना मला या शहरातील एक जुनी सभा आठवते. शताब्दीच्या दिवशी पूर्वजांचे गुणगान करावे, हा शिष्टाचार आहे, आणि ते गुणगान यथार्थही आहे. १९०७ साली केशवराव कोरटकर, वामनराव नाईक यांच्यासारख्यांनी विवेकवर्धिनी उभी केली. परक्या राजभाषेच्या राज्यात मराठी शाळा चालविणे ही तेव्हा सोपी गोष्ट नव्हती. परंतु त्याच विवेकवर्धिनीच्या थिएटरात नोव्हेंबर १९२१ मध्ये निजाम संस्थानातील सामाजिक सुधारणा परिषदेची बैठक भरली होती. अध्यक्षस्थानी होते महर्षी धोंडो केशव कर्वे. सभेत मराठी मंडळींचा भरणा मोठा होता. भाषणे इंग्रजीत झाली, उर्दूत झाली, मराठीत झाली. मग अल्लमपल्ली वेंकटरामराव हे वकील ठरावावर तेलुगूत बोलण्यास उभे राहिले, आणि सभेने त्यांची हुर्यो उडवली. त्यांना धड बोलू दिले नाही.

पहा, सभा सुधारकांची होती. स्त्रीशिक्षणासाठी ज्यांनी आयुष्य वेचले, ते कर्वे व्यासपीठावर होते. विषय समाजसुधारणेचा होता. आणि ज्या शहरात ती भरली, त्याच्या भोवतालच्या आठ जिल्ह्यांची भाषा तेलुगू होती! तरीही ती भाषा सभेत उच्चारली जाताच सुशिक्षित माणसांना हसू आले. मी हे प्रथम वाचले, तेव्हा काही काळ पुस्तक मिटून बसलो. कारण त्या हसणाऱ्यांत माझ्या पणजोबांच्या पिढीतील कोणी नव्हते, असे छातीठोकपणे मला सांगता येईना.

त्या हसण्यातून पुढे काय निघाले, ते आपल्या तेलुगू शेजाऱ्यांना पाठ आहे. आपल्याला मात्र फारसे ठाऊक नसते. त्याच रात्री काही तेलुगू मंडळी एकत्र जमली आणि त्यांनी आंध्र जनसंघाची स्थापना केली. माडपाटी हनुमंतराव त्यांत प्रमुख होते. त्या जनसंघाने गावोगावी वाचनालये काढण्याचे काम हाती घेतले. १९३० साली जोगीपेठेस आंध्र महासभेचे पहिले अधिवेशन सुरवरम् प्रताप रेड्डी यांच्या अध्यक्षतेखाली झाले. निजामाच्या राज्यात तेलुगू कवीच नाहीत, असे कोणी लिहिले, तेव्हा याच प्रताप रेड्डींनी १९३४ मध्ये ३५४ कवींच्या रचनांचा संग्रह छापून त्याला उत्तर दिले. अपमानाला दगडाने उत्तर न देता ग्रंथाने उत्तर देणारी ही माणसे होती. यामागची शोकांतिका आणखी सूक्ष्म आहे. हैदराबादेत १९०१ साली श्रीकृष्णदेवराय आंध्र भाषा निलयम् हे तेलुगू ग्रंथालय स्थापन झाले, त्याच्या संस्थापकांपैकी कोमर्राजू लक्ष्मणराव हे नागपुरास शिकलेले, उत्तम मराठी जाणणारे गृहस्थ होते. शिवाजीमहाराजांचे चरित्र त्यांनी तेलुगूत लिहिले. म्हणजे तेलुगू वाचक आपल्या दारात येऊन गेला होता. आपण त्याच्या दारात गेलो नव्हतो.

आता त्या काळाची दुसरी बाजू पाहू. हुर्यो ही सभेतील माणसांनी केलेली बंदी होती. तिच्या वर सरकारची बंदी होतीच. १९२० नंतरच्या दशकात निजाम सरकारने राजकीय सभांवर निर्बंध घातले. ‘गश्ती निशाण त्रेपन्न’ या नावाने कुप्रसिद्ध झालेल्या हुकुमान्वये पूर्वपरवानगीवाचून सभा भरविता येईना. वर्तमानपत्राला परवानगी, संस्थेला परवानगी, खाजगी शाळेला परवानगी. अशा वेळी उरले काय? वाचनालय, साहित्यसभा आणि उत्सव! म्हणून हैदराबाद संस्थानातील ग्रंथालयांचा इतिहास हा केवळ पुस्तकांचा इतिहास नाही. वाचनालयाच्या टेबलावर पुण्या-मुंबईचे वर्तमानपत्र आले की त्याच्याभोवती पाच माणसे जमत. वाचणारा एक, ऐकणारे चार. माणसांना आपल्या राज्यकर्त्याविषयी शांतपणे, युक्तिवादाने बोलण्याची सवय येथे लागली. १९३७ मध्ये परतूरला महाराष्ट्र परिषदेचे पहिले अधिवेशन झाले, त्यामागे अशा लहान खोल्यांतील तयारी होती. आ. कृ. वाघमारे यांच्या ‘मराठवाडा’ साप्ताहिकावर बंदी आली, तेव्हा ते पुण्याहून नावे बदलबदलून निघत राहिले, कारण त्याची वाट पाहणारे वाचक अशा खोल्यांत घडले होते.

राष्ट्रवाद या शब्दाची परीक्षाही याच शहरात झाली. १९३८ साली उस्मानिया विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांनी ‘वंदे मातरम्’ म्हणण्याचा आग्रह धरला म्हणून त्यांना काढून टाकण्यात आले; त्या वेळी टी. जे. केदार हे कुलगुरू असलेल्या नागपूर विद्यापीठाने आपले दरवाजे उघडले. तेलुगू, मराठी, कानडी मुले एका गाडीने नागपूरला गेली. तो राष्ट्रवाद माणसांना जोडणारा होता. दहा वर्षांनी, ऑगस्ट १९४८ मध्ये, ‘इमरोज’ या उर्दू पत्राचे तरुण संपादक शोएबुल्ला खान यांची याच शहरात निर्घृण हत्या झाली. संस्थानाने भारतात सामील व्हावे, असे त्यांनी उर्दूत लिहिले, हा त्यांचा अपराध. रझाकारांना विरोध करणाऱ्यांत मुसलमान होते आणि ते लिहून मेले, ही गोष्ट आज ज्यांना गैरसोयीची वाटते, त्यांनी ती विशेष लक्षात ठेवावी.

तशीच एक गोष्ट आपल्यालाही गैरसोयीची आहे. १३ सप्टेंबर १९४८ ला भारतीय सैन्य संस्थानात शिरले आणि १७ तारखेस निजामाने शरणागती पत्करली. तो आपल्या मुक्तीचा दिवस आहे. त्याबद्दल माझ्या मनात शंका नाही. परंतु त्यानंतरच्या आठवड्यांत उस्मानाबाद, नांदेड, बीदर, गुलबर्गा या भागांत निरपराध मुसलमानांची मोठी कत्तल झाली. पंडित सुंदरलाल यांच्या समितीने ती सरकारला कळविली, आणि तिचा अहवाल दीर्घकाळ प्रसिद्धच झाला नाही. रझाकारांचे अत्याचार जितके खरे, तितकेच हेही खरे. दोहोंपैकी एकच पान वाचणाऱ्याला राष्ट्रप्रेमी म्हणता येईल. इतिहासाचा वाचक म्हणता येणार नाही. आणि ज्या राष्ट्राचे नागरिक वाचक राहत नाहीत, त्या राष्ट्रात लोकशाही ही पाच वर्षांनी एकदा साजरी होणारी जत्रा होते. आपल्या महानगरपालिकेच्या २००९, २०१६ आणि २०२० या तिन्ही निवडणुकांत निम्मे मतदारसुद्धा मतदानास गेले नाहीत. म्हणजे जत्रेलाही आपण जात नाही!

१ नोव्हेंबर १९५६ ला संस्थानचे तीन तुकडे झाले. मराठवाडा मुंबई राज्यात गेला, तीन कानडी जिल्हे म्हैसूरकडे आणि तेलंगणा आंध्र प्रदेशात. कालपर्यंत राज्याच्या तीन भाषांपैकी एक असलेली आपली भाषा या शहरात अल्पसंख्याकांची भाषा झाली. अल्पसंख्य होणे म्हणजे काय, हे पुण्याच्या मराठी माणसाला समजावून सांगावे लागते. आपल्याला लागत नाही. आपली मुले घरी मराठी, शाळेत इंग्रजी आणि तेलुगू, रस्त्यावर दखनी बोलत वाढली. १९२१ च्या सभेत जो बाकावर बसून हसत होता, तोच आता व्यासपीठावर अडखळत उभा राहिला. काळाचा हा न्याय फार बोलका आहे.

आणि हसण्याची परंपरा मात्र थांबली नाही. ती फक्त माणसे बदलत राहिली. १९५२ साली या शहरात मुलकी-बिगरमुलकी चळवळ झाली. बाहेरून नोकरीस आलेल्यांविरुद्ध ‘इडली-सांबार गो बॅक’ अशा घोषणा दिल्या गेल्या आणि सिटी कॉलेजजवळ गोळीबारात तरुण प्राणास मुकले. पुढे किनाऱ्यावरच्या तेलुगूने तेलंगणाच्या तेलुगूला हसावे, चित्रपटांत ती बोली खलनायकाला आणि विदूषकाला द्यावी, असे झाले. २ जून २०१४ ला तेलंगणा राज्य झाले, त्यामागील अनेक कारणांत हा सल फार खोल होता. त्या बोलीला प्रतिष्ठा मिळवून देणारे कवी काळोजी नारायणराव यांचे वडील मराठी होते, हे आपणापैकी किती जणांना ठाऊक आहे? त्यांचा जन्मदिवस, ९ सप्टेंबर, तेलंगणात भाषादिन म्हणून पाळला जातो. आपण त्या दिवशी काय करतो?

२०२५ साली दोन बातम्या एकामागोमाग आल्या. जूनच्या अखेरीस मुंबईजवळ मीरा रोड येथे एका मिठाईच्या दुकानदाराला मराठी बोलण्यावरून मारहाण झाली. ऑगस्टमध्ये तेलंगणात ‘मारवाडी गो बॅक’ ही घोषणा ऐकू आली. पहिली बातमी वाचताना आपल्यातील काहींना आतून बरे वाटले असेल. दुसरी वाचताना बेगम बाजाराकडे पाहून भीती वाटली असेल. पण या दोन बातम्या एकच आहेत. मुंबईत जो मारतो आहे आणि येथे ज्याला उद्या हुसकावतील, ते दोघे आपल्याच घरचे असू शकतात. भाषेचा अभिमान मलाही आहे. त्यावरच माझी भाकरी चालते. परंतु श्रीमुखात मारून शिकविलेली भाषा ओठांवर येते, मनात उतरत नाही, हे अध्यापक या नात्याने मी खात्रीने सांगतो.

कोणी म्हणतील, हे सारे जुने रागलोभ आहेत. जागतिकीकरणाच्या लाटेत ते वाहून जातील. मला तसे वाटत नाही. मुळात परका पैसा आणि त्याची सत्ता आपल्याला नवी नाही. इंग्रजांच्या दिमतीच्या फौजेचे देणे थकले म्हणून १८५३ साली निजामाला वऱ्हाड इंग्रजांच्या हवाली करावे लागले. एक अख्खा मराठी प्रांत कर्जापोटी गेला, त्यात वऱ्हाडी शेतकऱ्याला कोणी विचारले नाही. १९९१ मध्ये देशाची अर्थव्यवस्था खुली झाली, तेव्हा पंतप्रधान होते ते या संस्थानातील वंदे मातरम् चळवळीत वावरलेले आणि नागपूर विद्यापीठात कायदा शिकलेले पी. व्ही. नरसिंहराव. हरिभाऊ आपट्यांची ‘पण लक्षात कोण घेतो’ ही कादंबरी त्यांनी तेलुगूत नेली होती. जगाकडे दार उघडणारा माणूस शेजारच्या भाषेचे दार आधी उघडून बसला होता, याचा मला मोठा अर्थ वाटतो. १९९८ मध्ये हायटेक सिटी उभी राहिली. आज पुण्या-नागपूरची मराठी मुले तेथे हजारोंनी काम करतात. त्यांची लेखणी अमेरिकेच्या घड्याळाप्रमाणे चालते आणि या ग्रंथालयाचा पत्ता त्यांना ठाऊक नसतो. त्यांना दोष देण्याआधी, आपण त्यांच्या वसतिस्थानापर्यंत कधी गेलो का, हे स्वतःला विचारू या.

जागतिकीकरणाने माल स्वस्त केला, हे खरे. त्याने मतेही स्वस्त केली. हातातील फोन रोज आपल्याला तेच दाखवितो, जे काल आपल्याला आवडले होते. जुन्या वाचनालयाच्या टेबलावर मात्र काँग्रेसचे पत्र, समाजवाद्यांचे, हिंदुसभेचे आणि कम्युनिस्टांचे पत्र शेजारी शेजारी पडलेले असे. आपले पत्र दुसऱ्याच्या हातात असले, तर ते मोकळे होईपर्यंत माणूस नाइलाजाने विरोधकाचे पत्र चाळी. त्या नाइलाजात लोकशाही होती! बेगम बाजारातील दुकानदार गरजेने चार भाषा बोलतो, तसाच तो वाचक गरजेने चार मते वाची. फोनने ती गरज नाहीशी केली. सरकारी हुकूम नसतानाही त्रेपन्नावी गश्ती आता ज्याने त्याने आपल्या खिशात बाळगली आहे: माझ्या परवानगीवाचून माझ्या कानावर दुसरे मत पडणार नाही.

येथवर मी इतरांविषयी बोललो. आता एक कबुली देतो. काही वर्षांपूर्वी माझ्या वर्गात बेगम बाजाराच्या बाजूची एक विद्यार्थिनी होती. घरी तेलुगू आणि मराठी दोन्ही. वडील हातगाडी ओढणारे. तिने निबंध वाचावयास घेतला. ‘ळ’ आणि ‘ल’ यांची गल्लत होत होती, लिंगे चुकत होती, वाक्याच्या शेवटी तेलुगू हेल येत होता. वर्ग हसला. मी वर्गाला गप्प करावयास हवे होते. मी हसलो नाही, असे पुष्कळ दिवस स्वतःला सांगत आलो. पण खरे हे की मी स्मित केले, आणि निबंध अर्ध्यावर थांबवून तिचे उच्चार सुधारले. निबंधाचा विषय होता ‘माझे वडील’. पुढच्या आठवड्यात तिने मराठी सोडून दुसरा विषय घेतला. तिच्या वडिलांविषयी ती काय सांगणार होती, हे मला कधीच कळले नाही. १९२१ च्या सभेविषयी मी पुढे वाचले, तेव्हा थिएटरातील तो हशा मला अपरिचित वाटला नाही, कारण तो मी माझ्या वर्गात ऐकला होता.

म्हणून माझे म्हणणे एवढेच आहे. लोकशाहीवर संकट येते, तेव्हा आपण ते सत्ताधाऱ्यांच्या हुकुमात शोधतो. तेथे ते असतेही, आणि त्याला निर्भयपणे विरोध केलाच पाहिजे. परंतु त्याची पहिली पायरी त्याहून खाली असते. अडखळत बोलणाऱ्याला आपण हसतो, त्या क्षणी ती घातली जाते. बोलण्याचे स्वातंत्र्य राज्यघटनेने दिले आहे. ऐकून घेण्याची सवय कोणतीही घटना देऊ शकत नाही. ती अशा खोल्यांतूनच लागते.

शताब्दीनिमित्त ग्रंथालयाला इमारतीची दुरुस्ती, संगणक, नवी कपाटे हवीत. आश्रयदात्यांनी ती द्यावीतच. त्यात माझ्या तीन लहान मागण्या जोडतो. एक, येथे तेलुगू आणि उर्दू ग्रंथांचे एक कपाट असावे, आणि परस्पर अनुवाद त्यात आधी यावेत. दोन, वाचनकक्षाच्या टेबलावर परस्परविरोधी मतांची किमान चार भाषांतील वर्तमानपत्रे शेजारी शेजारी ठेवावीत. तीन, महिन्यातून एकदा अशी सभा भरवावी, जीत कोणीही, कितीही मोडक्या मराठीत, दहा मिनिटे बोलेल आणि शेवटपर्यंत ऐकले जाईल. उच्चार कोणी सुधारणार नाही. त्या सभेत मागच्या बाकावर बसण्याची परवानगी मला द्यावी. ती विद्यार्थिनी आता संसारी झाली असेल. तिच्यापर्यंत निरोप पोचविण्याचा प्रयत्न मी करणार आहे. ती आली, तर तो निबंध मला पूर्ण ऐकावयाचा आहे.